अख्खी ओळ

व्हरांड्याच्या टोकाला खिडकी होती, आणि खिडकीखाली आवारात जावई बाळाला घेऊन उभा होता. लहान मुलांना वॉर्डात बंदी. नातवाला आईनं अजून फोनवरच पाहिलं होतं. काल खिडकीकडे चालत निघालेली ती निम्म्यावर पोचली, धाप लागली, मग घाबरली. आणि घाबरल्यामुळे धाप आणखी वाढली. चाकाच्या खुर्चीचं मात्र नाव काढू देत नव्हती. "पहिल्याच भेटीला गाडीत बसून जाऊ होय?"

"चला मावशी," गाण्याची ताई म्हणाली. दमेकऱ्यांना गाण्यातून श्वास पुरवायला शिकवायची, म्हणून वॉर्डात तिचं हेच नाव पडलं होतं.

"मावशी नको, आजी म्हण. नुकतीच बढती मिळालीय."

"बरं, आजी. उभं राहून श्वास घ्यायचा, गात गात चालायचं. ओळ संपली की थांबायचं."

आईला गाणं एकच येत होतं, अंगाई. तिनं भिंतीला हात टेकला. लेक मागून ऑक्सिजनचा सिलिंडर ढकलत निघाली.

"वारा गेला दूर..." आई थांबली. श्वास घेतला. "...गावा, आणील तुला झोप."

"मधेच का थांबलात?" ताईनं विचारलं.

"तिथं थांबायचंच असतं," लेक म्हणाली. ती बाळाला रोज तसंच म्हणायची. "चालच तशी आहे."

आईला हसू आलं. "चाल कसली, वेडे. कापूस पिंजून घरी आले की तिथवरच दम पुरायचा माझा."

लेकीचा हात सिलिंडरवरच राहिला.

"सुरुवातीलाच सगळा श्वास उधळू नका," ताई म्हणाली. "गरम दुधावर फुंकर घालतो ना, तसं."

आई निघाली. थांबली, गायली, चालली. कालची जागा आली तशी तिची बोटं भिंतीवर घट्ट झाली. ताईनं नुसतं हळू गुणगुणून ताल धरला. बोटं सैल झाली. कालची जागा मागे पडली.

खिडकीशी पोचल्यावर आईनं आधी पदर सारखा केला. खाली जावयानं बाळाला दोन्ही हातांनी उंच धरलं.

"म्हण माझ्याबरोबर," आई म्हणाली.

दोघींनी सूर लावला. लेक 'दूर'पाशी सवयीनं थांबली.

आई थांबली नाही.