बर्फात बसून उकडतंय

ओव्हनच्या दारावर आकडा एकशे ऐंशी. आत ठेवलेला थर्मामीटर मेकॅनिकने चिमट्याने बाहेर काढला, तर तो एकशे चाळीसवरच अडलेला.

"बघा!" काकू म्हणाल्या. "मी पहिल्यापासून सांगतेय."

सांगत होत्या खऱ्या, पण ऐकतंय कोण? लागोपाठ तीन केक मधोमध कच्चे निघाले होते. तिसरा तर नातीच्या वाढदिवसाचा. सुरी घातली आणि आतून पीठ ओघळलं. मुलगा चारचौघांत काही बोलला नाही, एवढं बरं. नंतर हळूच म्हणाला, "आई, तू आकडा चुकीचा लावतेस. विसरायला लागली आहेस. ओव्हन ठीक निघाला, तर हे घर बंद करायचं आणि तू आमच्याकडे यायचं." झालं! बाईचं अख्खं घर एका ओव्हनवर टांगलेलं.

"थांबा काकू, अजून चोर सापडलेला नाही," मेकॅनिक म्हणाला. मेन स्विच बंद करून त्याने ओव्हन गार व्हायला सोडला. तेवढ्यात काकूंनी चहा केला. त्याने तो उभ्याउभ्याच संपवला आणि कप ओट्यावर ठेवला. मग मागची वायर तपासली. जोड घट्ट होता. दोन स्क्रू काढून त्याने आतला सेन्सर ओढून घेतला. पेन्सिलीपेक्षा बारीक नळी.

"एवढासा?"

"एवढासाच. आत किती तापलंय ते हा सांगतो आणि ओव्हन बिचारा विश्वास ठेवतो. बर्फ आहे का घरात?"

भांडंभर बर्फाच्या पाण्यात त्याने नळीचं टोक बुडवलं आणि तिच्या वायरींना मीटर लावला. "धड असेल, तर बर्फात, म्हणजे शून्य अंशाला, इथे बरोबर हजार ओहम दाखवेल."

काकूंनी पदराने चष्मा पुसला. आकडा हलला, डुलला, थांबला. अकराशे पंचावन्न.

"म्हणजे काय हो?"

"म्हणजे बर्फात बसून उकडतंय म्हणतोय, लबाड! वरचे एकशे पंचावन्न म्हणजे चाळीस अंश, तेवढे चढवून सांगतो. ओव्हनला वाटतं झालं तापून, आणि तुमचा केक राहतो कच्चा." पिशवीतला नवा सेन्सर त्याने त्याच भांड्यात धरला. हजार.

जीव भांड्यात पडला म्हणतात ना, तो काकूंचा तिथेच पडला. बर्फाच्या.

"म्हणजे मी विसरत नाही."

"दोष याचा, काकू."

"मग मुलगा येईपर्यंत थांबा. त्याच्यासमोर म्हणा. माझं नाही ऐकत तो, मीटरचं ऐकेल."

मेकॅनिकला पुढची दोन कामं होती. तरी तो थांबला. नवा सेन्सर बसवला, जुना मुद्दाम भांड्यातच ठेवला. मुलगा आला तेव्हा त्याने सगळं पुन्हा सांगितलं, अगदी लबाडासकट. मुलगा वाकून मीटरकडे बघत राहिला.

"चुकलो, आई," तो म्हणाला. "उगाच बोललो तुला." महिनाभर त्यालाही धड झोप नव्हती.

"तरी मी म्हणत होते!" काकूंचा चेहरा नुसता फुलला होता. "आणि अगबाई, या नादात यांना साधा चहासुद्धा विचारला नाही मी! केव्हाचे राबतायत." त्या लगबगीने गॅसकडे वळल्या.

मेकॅनिकचा हात कपाकडे गेला. बर्फाच्या भांड्याशेजारीच होता तो, तळाशी चहा सुकलेला. पण मुलाने तो आधीच उचलला होता. त्याने नळाखाली कप विसळला, पुसला आणि फळीवर जागच्या जागी ठेवला.

"चालेल, काकू," मेकॅनिक म्हणाला. "अर्धा कप."

"मलाही टाक गं, आई," मुलगा म्हणाला आणि तिच्याजवळ जाऊन उभा राहिला.