मापाचे बुश

वडिलांसाठी खणला जाणारा खड्डा पाहायला ती दफनभूमीत सगळ्यांच्या आधी पोचली. दर वेळी माती उचलताना पोकलेनची बकेट खडखडत होती.

“सांध्यातल्या पिनभोवतीचे बुश झिजलेत,” ती न राहवून म्हणाली.

“मला का ठाऊक नाही, ताई?” ऑपरेटर वैतागला. “बाजारातले सैल बसतात, मी लेथवर मापाचे कातून आणतो, असं म्हणून म्हातारा पिनचं माप घेऊन गेला. सोमवारी येणार होता, आज शुक्रवार. फोनसुद्धा उचलत नाही. शब्दाला काही किंमत?”

तिच्या पर्समधल्या बाबांच्या फोनवर सोमवारपासूनचे सतरा मिस्ड कॉल होते.

तेवढ्यात शववाहिका फाटकातून आत वळली.



“आले बघा,” ती म्हणाली.