तात्यानं पास केलेला आवाज

येडाईची आन घेऊन सांगते. ह्यात एक अक्षर खोटं निघालं तर माझे उरलेले तीन दातबी पडू देत. गिटारीचा अँप्लिफायर चालू केला आन् भर दुपारी तेरखेड्यात, शिवकन्याच्या घरात सांज झाली.

त्याच्या पाठीमागं जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्या हुत्या. त्या हळूहळू केशरी झाल्या, चुलीतली राख सारल्यावर दिसतं तशा. घरभर गरम धुळीचा वास सुटला. दिवस बुडला समजून कोंबड्या खुराड्यात जाऊन बसल्या. शिवकन्याचा बाप तात्या तिच्या म्होरं पाटावर बसला हुता. भिंतीवरच्या लाइटच्या मीटरखाली शेजारची कडूबाई सुपारी कातरत हुती.

अँप्लिफायर लई भारीतला. वाद्यांच्या दुकानातला शौनक जीपमधून घेऊन आला हुता. तासभर वाजवून बघा, हाताला बसला तर ठेवा, न्हायतर माघारी नेतो, असं ठरलेलं.

शिवकन्या वाशीच्या शाळेत मास्तरीन. गिटार शिकून सात वर्सं झालती. गिटार लाइटवरची, शाळेतून आली की बारक्या स्पीकरला लावून रोज ओसरीत वाजवायची. समदी गल्ली म्हनायची, ग्वाड वाजवती. एकट्या तात्यानं ते कधी ऐकलं न्हवतं.

तात्या शोभेच्या दारूच्या कारखान्यात नमुना बघायचा. रोजच्या मालातला एक सुतळी बाँब उडवायचा आन् निकाल द्यायचा. "वाजला", न्हायतर "फुसका". तीस वर्सांत कान गेले. पन निकाल कधी चुकला न्हाय. धूर कसा फुटला, कागद कुठवर उडाला, एवढं बघून सांगायचा. मालक म्हनायचा, ह्याच्या डोळ्यालाच कान फुटलेत.

शिवकन्याला येकच पायजे हुतं. बापाला येकदा तरी आपली गिटार ऐकू यावी. म्हनून तर हे एवढं मोठं धूड घरात आनलेलं.

ती वाजवाय लागली. आवाज असा निघाला, जनू कढवलेलं तूप ताटात पसरतंय. तात्याची नजर त्या धुडावरच.

"ताई, जोरात मारा ना," शौनक म्हनला. "हा अँप हात ओळखतो. तुम्ही तर तारेला नुसतं गोंजारताय. मारल्याशिवाय हा खुलत नाही."

कशी मारनार? दारूत काम करनाऱ्याचं घर ते. घासायचं न्हाय, आपटायचं न्हाय, वढायचं न्हाय. कळशीसुदिक खाली ठेवायची ती फुलपाखरू बसल्यागत. त्याच हातानं शिवकन्या गिटार शिकली हुती.

तिनं बापाकडं बघितलं. मग शौनकनं तार छेडाय दिलेली प्लास्टिकची टिकली चिमटीत धरली, डोळे मिटले आन् हानली.

काय सांगू! आवाज येडाईच्या डोंगराला धडकून माघारी आला. हायवेवरचे ट्रक आपसूक एका वळीत उभे ऱ्हायले. तिकडं भूमच्या बाजारात येक म्हस रवंथ थांबवून ऐकाय लागली. दारातल्या लिंबाच्या निंबोळ्या सुटल्या आन् मधीच तरंगत ऱ्हायल्या, पडावं का नगं म्हनत.

समद्यांनी तात्याकडं बघितलं. तात्यानं मान हालवली आन् बहिऱ्या मानसाच्या खड्या आवाजात निकाल दिला.

"फुसका!"

शौनकचं तोंड एवढंसं झालं. शिवकन्याच्या डोळ्यात पानी आलं. तिनं बटन आनखी पिळलं, दात खाऊन हानली, टिकलीचे दोन तुकडे झाले.

"फुसका!"

आन् लाइट गेली.

नळ्यांचा केशरी रंग इझला. आवाज पान्यात मिठागत इरघळला. निंबोळ्या भुईवर आल्या. शिवकन्यानं टिकलीचे तुकडे बाजूला ठेवले. मग आता कोन ऐकतंय म्हनून, मनाला बरं वाटावं एवढ्यापुरतं, ती साध्या बोटानं वाजवाय लागली. रोजच्यासारखी. लाइट न्हाय म्हनल्यावर त्या गिटारीचा आवाज तो केवढा? मुंगीनं पाय टाकावा एवढा. हातभर अंतरावरच्या शौनकलाबी कान म्होरं करावा लागला.

तात्याचा अंगठा मात्र गुडघ्यावर हालाय लागला.

शिवकन्यानं बघितलं. ती सावकास झाली. अंगठा सावकास झाला. ती मधीच थांबली. अंगठा वरच्या वर थांबला.

"वाजला!" तात्या वरडला. "मघापासनं कुनाचे हात लावून बसलीवतीस, पोरी? आता कुठं ऐकू आलं. थांबू नगंस. ते बेस्तरवारी वाजवलंस, ते घे."

शिवकन्या त्याच्या तोंडाम्होरं जाऊन बसली. ओठ मोठे करून तिनं इचारलं, "तात्या, तुमी रोज ऐकताव?"

"रोजच की. सात वर्सं. तू ओसरीत, म्या लिंबाखाली."

तिनं अँप्लिफायरची वायर काढली. नीट गुंडाळली. शौनकच्या हातात दिली.

"न्या. लई चांगला हाय. माझ्या हाताचा न्हाय."

शौनकनं ते धूड उचलून जीपमधी ठेवलं. आपटलं न्हाय.

समदं खरं हाय. म्हशीचंबी. येकच गोष्ट मनची घातली, तिच्यापायी येक दात गेला तर जाऊ द्या. लिंबाखाली रोज हालनारा अंगठा कडूबाईनं सात वर्सं बघितला हुता. लाइट गेली न्हवती. तिनं मीटरचा खटका पाडला हुता.

चला, माझा अडकित्ता द्या हिकडं.