चौथा दोष

"बाई, तुमच्या चौथ्या दोषाला लकवा झालाय. थोडी लाज असेल तर माफी मागा."

फोनवरचा तो निरोप तिने तीनदा वाचला. शिव्यांची तिला सवय होती. वर्तमानपत्रात दर आठवड्याला नव्या ऑनलाइन खेळांची चिरफाड करायची म्हणून कार्यालयात तिला सगळे कात्री म्हणत, आणि तोंडावर म्हणत. परवा तिने एका ताज्या खेळाला धारेवर धरलं होतं. पहिल्याच आठवड्यात त्या खेळाचा पार बोऱ्या वाजला होता. सर्व्हर बसत होते, कमावलेली हत्यारं गायब होत होती, आत शिरायला माणसं तासन्‌तास ताटकळत होती. कात्रीने एकूण नऊ दोष काढले होते.

आठ दोषांबद्दल खेळाडूंची काही तक्रार नव्हती. उलट, बरं झालं कोणीतरी बोललं, असंच ते म्हणत होते. पेटले होते ते चौथ्यावर. तिथे तिने लिहिलं होतं, "गावात शिरायला एकच अरुंद पूल, आणि त्यावर कंपनीने एक म्हातारा बसवलाय. तो दोन पावलं पुढे येतो, दोन मागे जातो आणि सारखं एकच म्हणतो, 'पुढे सरका, पुढे सरका.' स्वतः मात्र वाट अडवून उभा. इतकं बिनडोक बाहुलं मी आजवर पाहिलं नाही."

ते बाहुलं नव्हतं. तो हाडामांसाचा खेळाडू होता, आणि लेख वाचून संतापलेल्या त्याच्या लेकीने ते जगजाहीर केलं होतं. वडील एकतीस वर्षं बसमध्ये कंडक्टर. आठ महिन्यांपूर्वी पक्षाघात झाला. वाचा गेली, हालचाल गेली, उजव्या हाताचं एक बोट तेवढं राहिलं. त्या बोटाने ते खेळतात. लेकीच्या मजकुराखाली साडेचार हजार खेळाडूंनी कात्रीची सालटी काढली होती.

कात्री सुन्न झाली. त्या म्हाताऱ्याला तिने स्वतः खांद्याने ढकलून बाजूला केलं होतं, एकदा नव्हे, तीनदा. त्याची चित्रफीत लेखासोबत टाकली होती, वर एक खवचट ओळही लिहिली होती.

"पाचपर्यंत माफीनामा हवा," संपादक म्हणाले. "पहिल्या पानावर चौकट राखून ठेवलीय. आणि आधी त्यांच्या घरी जाऊन ये. फोनवर भागवू नकोस."

लेकीने दार उघडलं. या म्हणाली नाही, पण दार लावलंही नाही. आतल्या खोलीत कठड्याचा पलंग होता. कठड्यांना उशा बांधलेल्या होत्या. पलंगावर आडवं सरकणारं टेबल, त्यावर स्क्रीन आणि कीबोर्ड. कीबोर्डवर पुठ्ठा चिकटवला होता आणि पुठ्ठ्याला तीन भोकं पाडली होती. एक पुढे जायचं, एक मागे यायचं, एक त्या वाक्याचं.

"लांबूनच बोला," लेक म्हणाली. "त्यांना धक्का बसलेला चालत नाही."

कात्री भिंतीला टेकून उभी राहिली. समोर स्क्रीनवर तोच पूल होता. पण आज गर्दी अंगावर येत नव्हती. खेळाडू दोन्ही कठड्यांना चिकटून शिस्तीत उभे होते आणि मधून मोठी मोकळी वाट सोडली होती. वर एकामागून एक निरोप सरकत होते. काका, काळजी घ्या. काका, आराम करा. मध्ये एकटा म्हातारा उभा होता. पुढे येत नव्हता, मागे जात नव्हता, काही म्हणतही नव्हता.

"बघा," लेक म्हणाली, "माणुसकी असते लोकांना. सगळेच तुमच्यासारखे नसतात."

कात्रीने खिशातून कागद काढला आणि माफीनामा वाचायला सुरुवात केली. तिसऱ्या ओळीला तिचा आवाज फाटला. तिला खरंच रडू आलं, आणि अनोळखी घरात आपण रडतोय याचीही लाज वाटली.

पलंगावरून टकटक ऐकू आली. बोट पुठ्ठ्यावर आपटत होतं. लेकीने घाईघाईने पुठ्ठा सोलून काढला. मग बोट एकेक अक्षर शोधू लागलं. एका शब्दाला मिनिट जात होतं. उमटेल तसं लेक मोठ्याने वाचत होती.

"माफी..." ती कात्रीकडे वळली. "बघा, तुमची माफीच हवीय त्यांना." मग तिने पुढचं वाचलं. "माफी छापू नका."

"बाबा, अहो काय हे? बिनडोक म्हणाल्या त्या तुम्हाला! तुम्हाला ढकललंय त्यांनी! मी सगळ्या जगाशी भांडतेय तुमच्यासाठी, आणि तुम्ही..."

बोट थांबलं नाही. कात्रीच्या खिशात संपादकांचा फोन थरथरून थरथरून थांबला. पाच वाजायला दहा मिनिटं होती. स्क्रीनवर ओळ पुरी झाली तेव्हा लेकीने ती वाचायला तोंड उघडलं आणि मिटलं. म्हणून कात्रीनेच पुढे होऊन वाचली.

"घरात मला कोणी धक्का लावत नाही. पुलावर लावायचे. आता तिथेही मी आजारी."