आजारपणाचे पॉइंट्स

आईचं हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हापासून लेक दर पंधरवड्याला विमानाने घरी येत होती. आता आई ठणठणीत झाली होती, आणि त्या हेलपाट्यांचे विमान कंपनीकडे एवढे पॉइंट्स साठले होते की समुद्रकिनाऱ्याचं तिकीट जवळजवळ फुकटात पडत होतं. पण एकीचंच.

लेकीने लॅपटॉप आईपुढे सरकवला. "तूच जाऊन ये. घरात बसून कंटाळली असशील."

"मी कशाला? विमानात अवघडून तू बसलीस, पॉइंट्सही तुझेच." आई चष्मा लावून स्वतःच हॉटेलं धुंडाळायला लागली. "ही खोली घे. खिडकीतून समुद्र दिसत नाही म्हणून स्वस्त आहे. तू काय खोलीत बसायला चाललीयेस?"

लेकीला हसू आलं. पण बुकिंग करायची वेळ आली तसा तिचा हात अडखळला. सुट्टी म्हणजे आईकडे जायचं, याखेरीज तिला हल्ली काही सुचतच नसे.

"त्या खेपेला मी आले नाही तर तू एकटी कशी राहशील? औषधं चुकवशील. नकोच ते, पुढच्या वर्षी बघू."

आईने तिचं बोट धरून बटण दाबायला लावलं. तिकीट आलं तरी तिने ते बोट सोडलं नाही.

"जा गं माझी बाई," ती म्हणाली. "ऑपरेशन झाल्यापासून तू आलीस की माझ्या ताटात मिठाचा कण पडू देत नाहीस. चार दिवस सुट्टी मलाही हवीय."