बिस्किटची शीळ

"मृत्युपत्र! बैलाचं हे काय नाव झालं?" वर्ना आजी म्हणाली. "अगं, आपला बिस्किट आहे हा."

समोरच्या भल्यामोठ्या पडद्यावर काळ्या बैलाचं तोंड होतं आणि त्याखाली नाव झळकत होतं. प्रत्यक्ष बैल त्यांच्या पायांखालीच म्हणावा इतक्या जवळ, लोखंडी खोड्यात उभा होता. स्वारांच्या घरच्यांना ह्यूस्टनमध्ये खोड्याला लागूनच जागा मिळते. एकाहत्तर वर्षांच्या आयुष्यात आजी पहिल्यांदाच शहरातल्या रोडिओला, उसळत्या बैलांवर टिकून बसायच्या खेळाला, आली होती, तीही नातू टली शेवटच्या फेरीत पोचला म्हणून.

"नक्की तोच?" मार्लाने विचारलं. मार्ला आजीची मुलगी, टलीची आई.

"चार महिने स्वयंपाकघरात बाटलीने पाजलाय मी त्याला. डाव्या कानाची खाच बघ, आपल्याच कुंपणाच्या तारेची आहे."

पुढच्या रांगेतल्या कोऱ्या टोपीवाल्याने मागे वळून पाहिलं. "आजीबाई, तुमच्या बिस्किटने गेल्या वर्षी एकाला कायमचं चाकाच्या खुर्चीत बसवलंय. पाडतो, आणि मग मागे फिरून शोधतो." एवढं मजेत सांगून तो भाजलेलं कणीस खायला लागला.

आजीचा त्यावर लगेच विश्वास बसला, हेच वाईट होतं. वासरू असतानाही बिस्किट रागावला की ढुशा देत नसे, अगदी गप्प उभा राही. मग काहीतरी मोडायचं. पुढे पुढे आजोबासुद्धा त्याच्याजवळ एकटे जाईनात, म्हणून तर विकला. आत्ता शेजारच्या खोड्यातले बैल लोखंडावर शिंगं आपटत होते आणि हा शेपूटही हलवत नव्हता.

टली फळ्यांवरून उतरून त्याच्या पाठीवर बसला आणि हाताला दोर आवळू लागला. डोक्यावर नेहमीची टोपी, हेल्मेट नाही.

"मार्ला, थांबव त्याला."

"दोर बांधायला घेतल्यावर स्वाराशी कुणी बोलत नाही, आई. अपशकुन मानतात."

"डॉक्टर काय म्हणाला होता?"

मार्ला हातातल्या रिकाम्या पेल्याकडे बघत राहिली. "डोक्याला आणखी एक मार बसला, तर आपल्याला ओळखायचाही नाही."

"आणि तू नुसती बघत बसणार?"

"तेवीस वर्षांचा घोडा झालाय. माझं ऐकतो होय?"

टलीने फाटकवाल्याला मानेने खूण केली. फाटक उघडलं आणि बैल बाहेर झेपावला. पहिल्याच उडीत टलीची मान कापडी बाहुलीसारखी मागे गेली. आजीने दोन बोटं तोंडात घातली. कुरणाच्या पार त्या टोकाला पोचणारी शीळ होती ती. बाटली तयार झाली की वाजायची.

बैल थांबला. चारी पाय रोवून, कान वळवून उभा राहिला. हजारो माणसं हसत सुटली. बिस्किट मान वर करून रांगांमध्ये कुणालातरी शोधत होता. टली थोडा वेळ एक हात हवेत धरून तसाच बसला, मग हळूच खाली सरकला आणि चालत कुंपणापर्यंत आला.

पोरगं स्वतःच्या पायांनी चालत होतं. आजीचे डोळे भरून आले. "रागावू दे मेल्याला," ती म्हणाली. "जन्मभर बोलला नाही तरी चालेल. आता घरी चला म्हणजे झालं."

टलीने वर पाहिलं. सुट्टीत त्यालाही जेवायला याच शिळेने बोलावलं जायचं. पण तो रागावलेला दिसत नव्हता. आजीकडे बघून तो हसला, टोपी उंचावली आणि पंचांना काहीतरी खूण केली.

"हसतोय कशाला?"

मार्लाचा चेहरा पांढराफटक पडला होता. "बैल उसळला नाही, तर स्वाराला दुसरा बैल मागता येतो. नियमच आहे तसा, आई."

"नशीब काढलं पोराने!" टोपीवाला म्हणाला. "राखीव बैल आहे. आजवर कुणी टिकलेलं नाही त्याच्यावर."

कोपऱ्यातल्या खोड्यात एक करडा बैल आणून कोंडला होता. पडद्यावर त्याचं नाव आलं नाही, नुसता आकडा आला. टली दोर घेऊन फळ्या चढत होता. आजीने कठड्यावरून वाकून हाक मारली, मग शीळ घातली, मग पुन्हा घातली. बैलाचा कानही हलला नाही. तो गप्प उभा होता.

"मार्ला," आजीने मुलीचा हात घट्ट धरला, "ह्याला कुणी पाजलंय गं?"