कापडी फुलं

धाकट्या बहिणीच्या बाळासाठी मी स्क्रॅपबुक सजवत होते. तिने बाबांच्या मनाविरुद्ध लग्न केल्यापासून ते तिच्याशी बोलत नव्हते. माझ्या पानांत मात्र नाक खुपसत होते. “कागदाची फुलं? बाळ क्षणात चुरगाळेल.” लेस लावली, तर “वाकडी.” मणी चिकटवले, तर “गिळेल.” जन्मभर शिंपीकाम केलेल्या माणसापुढे माझा डिंक काय टिकणार? वैतागून मी कात्री त्यांच्यापुढे ठेवली. “मग तुम्हीच करा.” त्यांनी खरंच चष्मा चढवला, कपाटातून रेशमी कापड काढलं आणि इवलाली फुलं शिवून पानावर टाचली. “कापड कुठलं?” “तिच्या लग्नासाठी घेऊन ठेवलेलं.” मी पाकिटावर पत्ता लिहू लागताच त्यांनी पाकीटच ओढलं. “टपालात फुलं चेपतील. मीच नेऊन देतो.” दोन वर्षं मी विनवण्या करून थकले होते आणि हा माणूस फुलं चेपतील म्हणून निघाला होता.